हालश्टाट: नावानिशी जपलेल्या कवट्या

ऑस्ट्रियातल्या हालश्टाटला बहुतेक जण तळ्याकाठच्या घरांचे फोटो काढायला येतात. मला ओढ होती ती तिथल्या अस्थिगृहाची. पायऱ्या चढून वरच्या कॅथलिक चर्चपाशी गेलं की सेंट मायकेलचं बाराव्या शतकातलं छोटं चॅपेल लागतं. त्याच्या तळघरात सुमारे १२०० कवट्या आहेत. त्यांतल्या ६१० रंगवलेल्या.

एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला तळं. दफनभूमी वाढवणार कुठे? म्हणून दहा-पंधरा वर्षांनी थडगं उघडायचं, हाडं काढायची आणि ती जागा पुढच्या माणसाला द्यायची, अशी रीत पडली. काढलेली कवटी साफ करून काही आठवडे उघड्यावर ठेवत. ती फिकट पडली की मग रंगकाम. १७२० च्या सुमारास हे सुरू झालं. कपाळावर नाव, बऱ्याचदा मृत्यूची तारीख, भोवती ओक, लॉरेल, आयव्हीची पानं किंवा गुलाब. खाली लांब हाडं सरपणासारखी रचलेली.

एका घराण्याच्या कवट्या शेजारी शेजारी मांडल्या आहेत. तेच आडनाव पुन्हा पुन्हा वाचताना मला भीती अशी वाटलीच नाही. कुणाच्या तरी घरात आल्यासारखं वाटलं. आपण अस्थी नदीत सोडतो, देहाचं काही मागे ठेवत नाही. इथल्या लोकांनी हाडं ठेवली, पण ठेवताना माणसाचं नाव पुसू दिलं नाही. मला या जागेचं सगळ्यात मोठं मोल तेच वाटतं. या नावांचा अभ्यासकांनाही उपयोग झाला: चर्चच्या नोंदींशी ती जुळवून त्यांनी वंशावळी बांधल्या आणि कवटीची ठेवण पिढ्यान् पिढ्या कशी उतरते ते तपासलं. याच कवट्या निनावी होऊन संग्रहालयांत विखुरल्या असत्या, तर हे कसं जमलं असतं?

१९६३ मध्ये कॅथलिक चर्चने दहनावरची बंदी उठवली. दहन वाढलं आणि ही प्रथा ओसरत गेली. शेवटची कवटी १९९५ मध्ये आली. १९८३ मध्ये वारलेल्या एका बाईंची, त्यांच्याच इच्छेनुसार. तिचा सोन्याचा दात लगेच ओळखू येतो.

रेल्वे स्टेशन तळ्याच्या पलीकडे आहे, तिथून बोटीने गावात यावं लागतं. उतरल्यावर आधी वर चढा, दुकानं नंतर बघा. आत गर्दी झाली की नावं नीट वाचता येत नाहीत.