गोल माउसला दिशा

"चारशे-पाचशे रुपयांत चांगला माउस मिळतो, मग त्या जुन्या गोल माउसमागे तीन महिने कशाला घालवलेत?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

१९९८ साली ॲपलच्या पहिल्या आयमॅक संगणकाबरोबर आलेला हा निळसर, अर्धपारदर्शक माउस. देखणाच. पण गोल वस्तूला पुढचं-मागचं नसतं. माउस सरकवला की आतला चेंडू फिरतो, त्याला दोन बारीक फिरते रूळ टेकलेले. एक आडवी हालचाल मोजतो, दुसरा उभी, तीही माउस ज्या दिशेला तोंड करून असेल त्या दिशेने. हातात तो २० अंश वळला की सरळ वर नेलेला पडद्यावरचा बाण २० अंश तिरका जातो. ॲपलने नंतर बटणावर बोटाला लागेल अशी खळगी दिली आणि २००० साली लांबट, बिनचेंडूचा माउस आणला.

आई छापखान्यात याच माउसवर लग्नपत्रिका जुळवायची. खाली न बघता. कसं जमायचं, विचारलं तर म्हणाली, "वायर दोन बोटांच्या मधे ठेवायची, मग तो वळत नाही."

इथेच मला वाट सापडली. गणपतीची उरलेली शाडू माती माउसवर थापली आणि तिला म्हटलं, नेहमीसारखा धर. अंगठ्याची जागा खोल उमटली, तळहाताखाली मातीचा उंचवटा राहिला आणि तर्जनी-मधल्या बोटांमधे एक बारीक कणा उभा राहिला. त्या ठशाची मापं घेऊन थ्री-डी प्रिंटरवर कवच काढलं. पहिलं फार उंच झालं, मनगट अधांतरी राहत होतं. दुसरं बटणाला घासायचं. तिसरं बसलं. ना गोंद, ना भोक. कडेला नुसतं अडकतं, हवं तेव्हा निघतं. मूळ वस्तूला धक्का लावायचा नाही, यावर मी ठाम होतो. आत मात्र चेंडूच्या जागी एका मोडक्या माउसचा ऑप्टिकल, म्हणजे उजेडाने हालचाल टिपणारा, सेन्सर बसवला, कारण रुळांवर साचणारा मळ नखाने खरवडणं तिच्या आखडलेल्या बोटांना आता जमत नाही. चेंडू आणि रूळ डबीत जपून ठेवलेत. यूएसबीचाच असल्याने लॅपटॉपलाही लागतो. वायर तोकडी, म्हणून एक्स्टेन्शन जोडलं.

परवा तिने नातीच्या बारशाची पत्रिका त्यावर केली. मी शेजारी बसून तिचा हात बघत होतो. बोटं कण्याच्या दोन्ही बाजूंना होती आणि वायर टेबलावर मोकळी पडली होती.