ऑक्सिजनचा खोडलेला ठिपका

अकरावीला आवर्तसारणी शिकवताना मी बरीच वर्षं फळ्यावर बाण काढायचे. आयनायझेशन एनर्जी, म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, डावीकडून उजवीकडे वाढते, वरून खाली कमी होते. मुलं बाण पाठ करायची, सीईटीत मार्कही मिळवायची. तीन वर्षांपूर्वी मी बाण बंद केले. आता प्रत्येकाच्या हातात आलेखाचा कागद आणि पेन्सिल. लिथियम ते निऑन, या ऊर्जेचे आठ आकडे मी किलोज्यूल प्रति मोलमध्ये सांगते, ठिपके त्यांनी मांडायचे.

परवा एक मुलगी खोडरबरने बराच वेळ घासत बसली होती. जाऊन पाहिलं, तर नायट्रोजन १४०२ वर बरोबर होता, पण ऑक्सिजन तिने १३१४ वरून उचलून १५०० च्या वर नेला होता. बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, तिथेही तेच केलेलं.

"मॅडम, ठिपका खालीच जात होता. म्हटलं माझंच काहीतरी चुकलं."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. ऑर्बिटल म्हणजे अणूतली इलेक्ट्रॉनची जागा. नायट्रोजनच्या तीन पी-ऑर्बिटलमध्ये एकेक इलेक्ट्रॉन ऐसपैस बसलेला असतो. ऑक्सिजनच्या चौथ्याला आधीच भरलेल्या जागेत दाटीवाटीने शिरावं लागतं. दोघं एकमेकांना ढकलतात, म्हणून त्यातला एक बाहेर काढायला कमी ऊर्जा पुरते. बोरॉनचं कारण वेगळं: त्याचा पाचवा इलेक्ट्रॉन टू-एस ऑर्बिटलपेक्षा वरच्या पातळीवरच्या टू-पी ऑर्बिटलमध्ये जातो, तिथून तो लवकर सुटतो.

दाटीचीच गोष्ट फ्लोरिनची. विद्युतऋणतेत, म्हणजे बंधातली इलेक्ट्रॉनची जोडी आपल्याकडे ओढण्यात, तो सगळ्यांच्या वर, ३.९८, क्लोरिन ३.१६. पण सुट्ट्या अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला की क्लोरिन ३४९ किलोज्यूल प्रति मोल बाहेर टाकतो आणि फ्लोरिन ३२८. इवलासा अणू, त्याच्या बाहेरच्या कवचात आधीच सात जण! बंधातली जोडी आपल्याकडे ओढणं वेगळं आणि नव्या इलेक्ट्रॉनला घरात घेणं वेगळं. या दोन गोष्टींची गल्लत मुलं दरवर्षी करतात, आणि नुसते बाण शिकवले तर करणारच.

आकडे नीट पाहण्याचं मोल मला रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांच्यामुळे कळलं. कॅनडात व्हँकुव्हरला त्यांच्या हाती प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड होतं, ऑक्सिजनच्या रेणूकडूनही इलेक्ट्रॉन हिसकावून घेणारा लालभडक वायू. त्या रेणूची आयनायझेशन एनर्जी सुमारे ११६५. झेनॉनची ११७०. झेनॉन 'निष्क्रिय', हे तेव्हा सगळेच शिकवत होते. १९६२ मध्ये त्यांनी झेनॉन आणि प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड हे दोन वायू एकत्र आणले आणि पिवळा-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. हा प्रसंग सांगताना अजूनही माझा आवाज चढतो.

तिने ऑक्सिजन परत १३१४ वर मांडला. घासून घासून कागद तिथे विरला होता. मग थोडं थांबून म्हणाली, "मग मॅडम, फॉस्फरसनंतर सल्फरलाही खाली यावं लागेल ना?"

मी हो-नाही काही म्हटलं नाही. पुढच्या ओळीचे आकडे वाचायला घेतले. सोडियम ४९६, मॅग्नेशियम ७३८, ॲल्युमिनियम ५७८, सिलिकॉन ७८६, फॉस्फरस १०१२, सल्फर १०००.