आमची वाटचाल : मॅटाडोरपासून कॅम्परपर्यंत

जुनी मॅटाडोर व्हॅन घ्यायची, पत्रा नीट करायचा, आत झोपण्या-रांधण्याची सोय करून तिचा कॅम्पर करायचा आणि विकायची, एवढंच काम आमच्या कुर्ल्याच्या गाळ्यात चालतं. सुरुवातीला आम्ही ते उलट्या क्रमानं करायचो. आधी आतलं फर्निचर, मग रंग, कागदपत्रं सगळ्यात शेवटी. आता कामाचा पहिला दिवस आरसी बुकाचा असतो. क्रम का बदलला ते इथे लिहितो आहोत. तयार गाडी घेणाऱ्याला आणि स्वतः बांधणाऱ्यालाही त्याचा उपयोग व्हावा.

मॅटाडोरच का, असं बरेच जण विचारतात. फोक्सवॅगनची टाइप-टू दिसायला गोड आहे, पण आपल्याकडे ती मोजकीच आणि तिचा बराचसा माल बाहेरून मागवावा लागतो. मॅटाडोर आपल्या पुण्याची. बजाज टेम्पोनं ती १९६९ मध्ये जर्मन रचनेवर आणली. पुढे तिच्यात मर्सिडीजचं २.४ लिटरचं ओएम-६१६ डिझेल इंजिन आलं. हेच इंजिन त्याच कंपनीच्या ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर गाड्यांमध्येही बसलं, म्हणून रिंगा, हेड गॅस्केट, नोझल, हीटर प्लग आजही सीएसटी रोडच्या दुकानांत चौकशी केली की मिळतात. दुसरं कारण गाडीच्या आतल्या जमिनीचं. गाडी पुढच्या चाकांवर ओढते, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा (प्रोपेलर शाफ्ट) नाही, त्यामुळे आतली जमीन बुटकी आणि सपाट मिळते. कॅम्परला यापेक्षा चांगला पाया नाही. त्याची किंमत मात्र वजनाच्या हिशेबात मोजावी लागते, ते पुढे येईल.

कागदांत आम्ही आधी पाहतो ती नोंदणीची मुदत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण आणि पर्यावरण कर. मुदत संपून वर्षानुवर्षं पडून असलेली गाडी स्वस्त मिळते, पण थकलेला कर आणि दंड धरला की ती स्वस्त राहत नाही. चासी नंबर गंजानं वाचता येत नसेल तर आम्ही गाडी घेतच नाही. शाळेची किंवा रुग्णवाहिकेची गाडी असेल तर आधी परवाना रद्द करून ती खाजगी वर्गात आणावी लागते. बदलांबाबत मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम स्पष्ट आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि बाकी बदलांना आरटीओची मंजुरी लागते. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. बैठक, टेबल, झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे ही कॅरव्हॅनची व्याख्या आम्ही आराखडा काढतानाच समोर ठेवतो.

जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी घेऊन तिचा कॅम्पर करता येतो, हा एक गैरसमज इथेच दूर करतो. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खाजगी गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, ‘व्हीए’ अक्षरांची नंबर पाटी मिळते, पण चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे व्हिंटेज पाटी आणि कॅम्पर यांतलं एकच निवडावं लागतं. जी गाडी अगदी मूळ अवस्थेत हाती लागते तिला आम्ही कापत नाही. ती तशीच दुरुस्त करून जपणाऱ्याला देतो.

आता पत्रा. मुंबईत गाडी मरते ती इंजिनानं नाही, गंजानं. मासळी वाहिलेली मॅटाडोर कितीही चकचकीत असो, आम्ही तिच्या वाटेला जात नाही. बर्फाचं खारं पाणी जमिनीच्या जोडांत शिरलेलं असतं आणि तो गंज आतून बाहेर येतो. बाकी गाड्यांत पाच जागा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं टोचून बघाव्यात: ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन, पायरी, चाकांवरच्या कमानी, दारांखालची पट्टी आणि पुढच्या काचेच्या रबराखालचा कोपरा. टोक आत गेलं की वरच्या रंगावर विश्वास ठेवू नये.

कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. जमिनीला १६ गेजचा, बाकी अंगाला १८ गेजचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा; गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड. मिग वेल्डिंगचे टाके इंचभराचे, एकदा इथे, एकदा दूर, नाहीतर उष्णतेनं पत्रा लाटा मारतो. ठिगळ जुन्या पत्र्यावर चढवून जोडणं सोपं असतं, पण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी बसतं आणि दोन पावसाळ्यांत तीच जागा पुन्हा फुटते. सुरुवातीच्या गाड्यांत आमच्याकडूनही तसं झालं, त्या गाड्या परत बोलावून कडेला कड लावून पुन्हा जोडाव्या लागल्या. वेल्डिंगनंतर इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलंट, पोकळ भागांत मेणाचा फवारा आणि मगच पुट्टी. उघड्या पत्र्यावर थेट पुट्टी भरली तर ती स्पंजसारखी ओल शोषते. शेवटी पाइपानं पाण्याची चाचणी. खालून सुरुवात करून वर जायचं, प्रत्येक जागी १० मिनिटं, एक माणूस आत टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर गळती नेमकी कुठली ते कळत नाही.

आतल्या भिंतींत आम्ही ग्लासवूल घालत नाही. मुंबईच्या दमट हवेत ते ओलं होतं आणि पत्र्याला चिकटून राहतं. १० ते १३ मिलिमीटरचा बंद छिद्रांचा नायट्राइल फोम पत्र्याला चिकटवतो. फर्निचरला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन, १२ मिलिमीटर प्लाय, कापलेल्या प्रत्येक कडेला सीलर.

इंजिनाचं थोडक्यात. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजतो. आपसातला फरक ३ बारच्या (बार हे दाबाचं एकक) वर गेला की दुरुस्तीसाठी इंजिनाचं हेड उतरतं. व्हॉल्व्हचं अंतर थंड इंजिनावर इनलेटला ०.१०, एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर. पडून राहिलेल्या गाडीत मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर आणि ब्रेकच्या नळ्या सरसकट बदलतो. डिझेलची टाकी आतून गंजली असेल तर धुऊन भागवत नाही, नवी बनवतो. टाकीतला गाळ डिझेलच्या पंपात गेला की त्या खर्चापुढे टाकीचा खर्च काहीच नाही.

वजनाचा हिशेब मात्र सावकाश वाचा. ओढ पुढच्या चाकांची असल्यामुळे मागे टाकलेला प्रत्येक किलो पुढची पकड कमी करतो. मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे ६० लिटरची पाण्याची टाकी ठेवली आणि व्हीलबेस (दोन्ही एक्सलमधलं अंतर) अडीच मीटर धरला, तर पुढच्या चाकांवरून २४ किलो उचलले जातात आणि मागच्यांवर ८४ किलो पडतात. कसारा घाटात पावसात वळणावर चाकं जागेवर फिरू लागतात ती यामुळे. म्हणून पाणी, बॅटरी आणि गॅस आम्ही दोन्ही एक्सलच्या मध्ये, जमिनीलगत ठेवतो. मागे फक्त गाद्या आणि कपडे. गाडी पूर्ण झाली की टाकी भरून वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा मोजतो. ती पावती फाइलमध्ये लागते.

विजेसाठी १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे साधारण १२८० वॉट-तास. ४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रीज उन्हाळ्यात अर्धा वेळ चालला तरी दिवसाला ५४० वॉट-तास घेतो, पंखा रात्रभर २००, दिवे आणि फोन मिळून १५०. म्हणजे ८९० च्या आसपास. ही बॅटरी जुन्या आल्टरनेटरला (इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राला) थेट जोडू नये. ती जेवढा मिळेल तेवढा करंट खेचते आणि आल्टरनेटर तापून जळतो. मध्ये करंटला मर्यादा घालणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवाच. वायरमध्ये लोक पैसे वाचवतात तेही चुकीचं आहे. पाच मीटर अंतरावर (जाऊन-येऊन दहा मीटर वायर) २० अँपिअरला ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातात, १० च्या वायरमध्ये ०.३५. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात.

गॅस ५ किलोचा, बाहेरून उघडणाऱ्या बंद कप्प्यात, आणि त्या कप्प्याच्या तळाला भोक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, वरच्या खिडकीतून तो जात नाही.

छत कापून वर उघडणारं करणं आम्ही थांबवलं आहे. मागणी बरीच असते, पण छताच्या आडव्या पट्ट्या कापल्या की बॉडीचा ताठपणा जातो, दारं बसेनाशी होतात आणि मंजुरीचा प्रश्न वेगळाच.

विक्रीच्या वेळी गाडीबरोबर फाइल जाते. त्यात प्रत्येक ठिगळाचे रंगाआधीचे फोटो, कॉम्प्रेशनचे आकडे, वायरिंगचा नकाशा, वजनाची पावती आणि जे आम्ही बदललं नाही त्याची यादी असते. ही शेवटची यादी आम्ही आधी वाचून दाखवतो. कागदांत मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी, उच्च सुरक्षा नंबर पाटी. परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ चं ना-हरकत पत्र. दिल्लीच्या गिऱ्हाइकाला आम्ही नाही म्हणतो. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून बंधनं आहेत आणि त्याचे पैसे अडकलेले आम्हाला बघवणार नाहीत.

गाडी नेल्यावर पहिल्या १०० किलोमीटरला चाकांचे नट पुन्हा आवळावेत, ५०० ला व्हॉल्व्ह तपासायला आणावी. उभी राहणार असेल तर पंधरा दिवसांतून एकदा दहा-बारा किलोमीटर चालवावी, जागेवर नुसतं इंजिन चालू करू नये. पावसाळ्यात प्लॅस्टिकची ताडपत्री अंगाला घट्ट बांधू नका. चार बांबूंवर ती वर उचलून धरा, दोन्ही बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवा आणि दारांखालची पाणी जायची भोकं काडीनं मोकळी करत राहा.