सेमिनारात काय गावतंय?

"अण्णा, त्या सेमिनारात तुला गावतंय तरी काय?" शेजारचा लॉजवाला मला वर्षातून दोन-तीनदा तरी हे विचारतो. परवा फोनवर तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

अंबाबाईच्या देवळापासून चालत चार मिनिटांवर आमचं अकरा खोल्यांचं यात्री निवास आहे. माझं शिक्षण बारावी. तरी पर्यटन, आदरातिथ्य, सण-उत्सव असल्या विषयावर एखाद्या कॉलेजात चर्चासत्र निघालं, की 'स्थानिक व्यावसायिक' म्हणून मला बोलावणं येतं. बहुतेक वेळा जागतिक पर्यटन दिनाच्या सुमाराला, म्हणजे 27 सप्टेंबरच्या मागंपुढं. नवरात्र तेव्हा तोंडावर आलेलं, नाहीतर ऐन भरात. पोरगं काउंटरवर एकटं, गिऱ्हाईक गरम पाण्यासाठी ओरडतंय आणि बाप इस्त्रीचा शर्ट घालून समईजवळ उभा!

निबंधवाचन मला झेपत नाही, हे आधीच कबूल करतो. प्रत्येकाला सात मिनिटं, पडद्यावर आहे तेच वाचायचं, घंटी वाजली की थँक यू. जेवणानंतर निम्मा हॉल रिकामा, प्रमाणपत्राच्या टेबलापुढं मात्र ही रांग. एकदा माझ्या प्रमाणपत्रावर 'श्रीमती' छापून आलं. बायकोनं ते फ्रेम करून घेतलंय.

गावतं ते चहाच्या वेळी. एका सरांनी बटाटेवडा हातात धरून मला सांगितलं, "शास्त्राप्रमाणं रात्री मुक्काम करतो तो पर्यटक. सकाळी येऊन संध्याकाळी जातो तो पर्यटक नव्हे, त्याला एक्सकर्शनिस्ट म्हणतात." माझा घास हातातच राहिला. आमच्या दारावरून रविवारी जाणारी गर्दी म्हणजे काय? पहाटे दर्शन, मग मिसळ, चपलांची खरेदी, वेळ उरला तर रंकाळा किंवा पन्हाळा, की गाडी लागली पंढरपूरला नाहीतर गोव्याला. तीस वर्षं त्या गर्दीकडं बघून मी वरचा मजला चढवायचे बेत करत होतो. ती माझी गर्दी नव्हतीच.

त्या रात्री जुनी रजिस्टरं काढून बसलो. एक गोष्ट दिसली, ती पुढच्या सेमिनारात मला दिलेल्या पाच मिनिटांत सांगायला घेतली. देऊळ पश्चिमाभिमुख. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर, तेही ढग-धुरळा आडवा आला नाही तर. दक्षिणेकडं जाताना आणि परत येताना सूर्य त्याच जागी मावळतो, म्हणून वर्षातून दोनदा. किरणोत्सव होतो संध्याकाळी, म्हणून तो बघायला आलेला माणूस रात्री राहतो. आज ढग आले तर उद्यासाठीही राहतो. एवढं सांगेपर्यंत घंटी वाजली. प्रमुख पाहुण्यांना गाडी गाठायची होती.

तिथंच डॉक्सी नावाच्या माणसाच्या पायऱ्या कळल्या. पाहुण्यांबद्दल गावकऱ्यांना आधी कौतुक, मग सवय, मग वैताग, शेवटी उघड वैर. हेसुद्धा त्यानं 1975 साली सॅन डिएगोच्या एका परिषदेतच मांडलेलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती रविवारच्या पार्किंगकडं बघत म्हणाली, "आपली गल्ली तिसरीवर हाय. चौथी दिवाळीच्या सुट्टीत."

सगळंच शास्त्रात बसतं असं मात्र नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत माहिती गोळा करायला निघालेल्या एका विद्यार्थिनीबरोबर मी एकदा वाडी रत्नागिरीला गेलो होतो. फॉर्मवर प्रश्न होता, मुक्काम कुठं? हॉटेल, लॉज, नातेवाईक, इतर. सासनकाठीचा दोर सोडून नुकताच सावलीत टेकलेला एक म्हातारा, भुवयांपर्यंत गुलाल, म्हणाला, "आमच्या गुरवाकडं." भाडं किती? "भाडं कशाचं? माझा आजाबी तिथंच उतरायचा." खर्च किती झाला? काठीचा, टेम्पोचा, शिध्याचा सगळा गावच्या वर्गणीतनं. त्याच्या खिशातनं काय गेलं असेल ते खोबरं आणि दवणा. पोरीनं 'इतर'वर खूण केली, खर्चापुढं शून्य घातलं आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बाई, बरोबर लिहिलंस, पण त्या शून्याशेजारी जागा सोड." पुढं तिनं काय केलं ठाऊक नाही. पोरगी हुशार होती.

तर गावलं ते हे. वरचा मजला रद्द केला. खालच्या दोन खोल्यांतली कॉट काढून गीझर, हुक आणि सामानाची कपाटं बसवली. रात्रभर गाडीत बसून पहाटे उतरलेल्या माणसाला खोली नको असते. अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून दर्शनाच्या रांगेला लागायचं असतं, आणि बॅग कुठंतरी टाकायची असते. दारात पाटी लावली : 'अंघोळीची व सामान ठेवण्याची सोय'.

पंधरा दिवसांत शेजारच्या दारातही पाटी लागली. तीच वाक्यं, फक्त अक्षरं मोठी आणि खाली 'बंब चोवीस तास'. यंदा बोलावणं आलं तर म्हणतोय, "अण्णा, मीबी येतो. जेवण असतंय न्हवं?"