गावात नाही, की पटावर नाही?

“आमच्या शाळेत दिव्यांग मूल एकही नाही,” असे एका मुख्याध्यापकांनी आजच्या प्रशिक्षणात काहीशा समाधानाने सांगितले, तेव्हा शालेय नेतृत्व शिकवण्यात हयात घालवलेल्या प्राध्यापिकांनी शांतपणे विचारले, “गावात नाही, की पटावर नाही?”

सभागृहात कोणीच उत्तर दिले नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यांत वरवर न दिसणारी अध्ययन अक्षमताही (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी विशिष्ट अडचण) आली; तरीही आपली नजर, माझ्या मते, अजून चाकांच्या खुर्चीसाठी केलेल्या दारातल्या उतारापाशीच थांबते, कारण कागदावर दाखवायला तो सोपा असतो. वाचताना अडखळणारे मूल मात्र शेवटच्या बाकावर ‘ढ’ म्हणून सहज खपून जाते.

त्या मुलाला उत्तर तोंडी सांगू द्यायचे की नाही, हे तुमच्या शाळेत कोण ठरवते?