रिकर्व्ह परत हातात: पावसाळा ते द्राक्षछाटणी

मागच्या अपडेटनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, आता माझ्या रिकर्व्हचे, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचे, पाउंड (दोरी ओढायला लागणारा जोर) किती वाढवणार? उत्तर आधीच देऊन टाकतो, वाढवणार नाहीये. लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर, 35 छापलंय आणि तिथेच थांबणार, आणि खरं तर ते 35 माझ्या हातात 35 भरतच नाहीत. तो आकडा 28 इंच ड्रॉचा (दोरी मागे ओढायचं अंतर) असतो, माझा ड्रॉ साडेसव्वीस, इंचामागे दोन-सव्वादोन पाउंड वजा धरले तर बोटांवर 32 च्या आसपास येतात. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा असतो ना, तो दोरीला अडकवून माझ्या ॲंकरपर्यंत (ओढणारा हात चेहऱ्यावर जिथे टेकतो तिथपर्यंत) ओढला तर साडेचौदा किलो दाखवतो, म्हणजे हिशोब जुळला. ज्यांनी केलं नाही त्यांनी एकदा करून बघाच, बाण निवडताना हाच आकडा लागतो, छापलेला नाही.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. कॉलेजात इंडियन राउंड या देशी प्रकारातलं बांबूचं धनुष्य, मग काही वर्षं एका सिनियरचा जुना रिकर्व्ह, मग नाशिकच्या सातपूरला नोकरी, शिफ्टा, पोरं, हप्ते, आणि धनुष्यबाण गेलं माळ्यावर. आता वय 58. बो अगदी साधा, 62 इंची टेकडाउन (सुटे भाग जोडून होणारा), लाकडी रायझर म्हणजे मधली मूठ, फायबरग्लासचे लिम्ब, नेम धरायची साइट नाही, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर नाही, ड्रॉ पूर्ण झाला की टिक करणारा क्लिकर नाही, बाण थेट शेल्फवरून (मुठीवरच्या खाचेवरून). सुरुवात 25 च्या लिम्बवर, अख्खा उन्हाळा त्यावरच काढला, मग 30, मग हे. रायझर तोच ठेवून नुसते लिम्ब बदलता येतात म्हणून परत सुरू करणाऱ्याला टेकडाउनसारखं काही नाही, कोणी कितीही म्हणो वन-पीस दिसायला भारी (दिसतो भारीच, मान्य आहे).

पावसाळा. शेल्फवरून मारायचं म्हणजे पिसंच लागतात, प्लॅस्टिकचे वेन (पिसांऐवजी लावतात ते) लाकडाला घासून बाण उडवून लावतात, पिसं मात्र दबतात आणि निघून जातात. पण पिसं भिजली की ओल्या कोंबडीसारखी चिकटून बसतात आणि मग बाण कुठे जाईल त्याचा नेम नाही. त्यामुळे जुलै-ऑगस्ट सगळा गच्चीवरच्या पत्र्याखाली गेला, समोर गोणपाटाचं पोतं, आत जुने कपडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या गच्च कोंबलेल्या, अंतर चार-पाच पावलं, आणि डोळे मिटून बाण सोडायचा. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू, पण ड्रॉ, ॲंकर, पाठ, रिलीज एवढंच लक्षात राहतं, कुठे लागला याची भानगडच नाही. साठीजवळ परत येणाऱ्याला पावसाळा म्हणजे वरदान समजा, नाहीतर आपण पहिल्याच आठवड्यात टार्गेट लांब नेऊन बसतो.

खांद्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण इथे माझ्या वयाचे बरेच आहेत. बो धरलेला खांदा कानाकडे वर सरकला की वरच्या हाडाखाली रोटेटर कफचे (खांदा धरून ठेवणाऱ्या स्नायूंचे) टेंडन चिमटतात, विशीत ते खपून जातं, आता नाही. फिजिओने रबर बँडचे दोन-तीन प्रकार दिलेत, कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवायचा वगैरे, ते रोज करतो, धनुष्य हातात घेतलं नाही त्या दिवशीही. आणि बाण सोडण्याआधी खांदा मुद्दाम खाली बसवायचा. पाउंड कमी असले तरच तो बसतो, जास्त झाले की शरीर आपोआप खांदा उचलून ओढायला बघतं. डायबेटिसवाल्यांनी तर आधी खांदा तपासूनच घ्या, फ्रोझन शोल्डर (खांदा आखडणं) त्यांच्यात जास्त दिसतो.

चष्मा हा दुसरा विषय. प्रोग्रेसिव्ह काचा ऑफिसात झकास, पण नेम धरताना मान डावीकडे वळलेली असते आणि उजवा डोळा काचेच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो, तिथे प्रोग्रेसिव्हमध्ये सगळं धूसर. मी नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला, काच मोठी, फ्रेम बारीक. दिसायला जुन्या काळातल्या हेडमास्तरचा वाटतो असं बायको म्हणते, पण नेमासाठी बनवलेल्या फोमच्या डुकराचा खांदा स्वच्छ दिसतो. बाणाचं टोक किंचित धूसर दिसतं, त्याने काही अडत नाही.

बाण: 500 आणि 600 दोन्ही स्पाइनचे कार्बन शाफ्ट आणून बघितले. हा आकडा म्हणजे 28 इंचाच्या दोन आधारांवर शाफ्ट ठेवून मधोमध 880 ग्रॅम टांगले तर तो किती वाकतो, 600 म्हणजे 0.6 इंच, त्यामुळे आकडा मोठा तेवढा शाफ्ट मऊ. पिसं न लावता सोडल्यावर 500 वाले पिसवाल्या बाणांच्या ग्रुपच्या डावीकडे जाऊन बसायचे, उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी याचा अर्थ बाण जास्त कडक. 600, लांबी 29 इंच, पुढे 125 ग्रेनचं टोक, हे जमलं, बिनपिसाचा आणि पिसाचा दोन्ही एकाच जागी. वजनासाठी सराफ बाजारातल्या एका मित्राच्या काट्यावर सगळे बाण तोलले, त्याचं गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघत होतं की हा कुठलं सोनं मोडायला आलाय. 22 ग्रॅमच्या आसपास भरले, म्हणजे सुमारे 340 ग्रेन, पाउंडामागे साडेदहा ग्रेन. याहून हलका बाण वेगात जातो खरा, पण बो आवाज करतो आणि हाताला झटका बसतो, मला तर जडच बरा वाटतो.

आता शिकारीकडे येतो. दर वेळी कोणीतरी डीएममध्ये हळूच विचारतं म्हणून परत लिहितो, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, ससा असो तितर असो, आणि रानडुकराने मका लोळवला तरी परवानगी वनखात्याने द्यायची असते, आपण आपल्या मनाने नाही. माझी शिकार फोमच्या डुकराची. पॅकिंगच्या फोमचे थर चिकटवून, सुरीने कापून, तपकिरी रंग देऊन दिंडोरीला मेहुण्यांच्या मळ्यात नाल्याच्या कडेला उभं केलंय, मागे बांध चांगला उंच, त्याच्या पलीकडे कोणाचा वावर नाही. ही खात्री आधी करा मग बाकीचं, 32 पाउंडाचा बाणही जीव घेऊ शकतो.

डुकराच्या पुढच्या पायामागे छातीवर 8 इंची गोल आखलाय, तेवढंच मोजायचं, बाकी कुठेही लागला तरी फुकट. 15 मीटरवरून बहुतेक बाण गोलात, 20 ला निम्मे इकडेतिकडे, 25 ला नशीब. माझा पॉइंट-ऑन साधारण 35 मीटरला येतो, म्हणजे तिथे टोक आणि नेम एक, त्याआधी टोक खाली खाली दिसत जातं. आता हे 25 चे 20 सारखे करायचे तर दोन रस्ते आहेत, एक पाउंड वाढवून बाणाची कमान सपाट करायची, जे माझा खांदा करू देणार नाही, आणि दुसरा, 25 वर थांबायचंच नाही, चालत 15 पर्यंत जवळ जायचं. अमेरिकेत जिथे धनुष्याने शिकार कायदेशीर आहे तिथे बऱ्याच राज्यांत हरणासाठी 30 ते 40 पाउंडांची किमान अट असते, म्हणजे तिकडेही लोकांना राक्षसी बो लागतातच असं नाही, आणि साइट नसलेले बरेचसे 20 यार्डाच्या आत येईपर्यंत बाण सोडत नाहीत. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या 3डी स्पर्धेत (प्राण्यांच्या पुतळ्यांवर नेम) सुद्धा बेअरबो (साइटशिवायचा) आणि लॉंगबोला (साधा लांब बो) जास्तीत जास्त 30 मीटर, तेही अंतर न सांगता.

आमच्या ग्राउंडवरच्या पोरांना हे पटत नाही. 2023 ला बर्लिनला ओजस देवतळे आणि अदिती स्वामी कंपाउंडचे, म्हणजे चाकं लावलेल्या बोचे, वर्ल्ड चॅम्पियन झाल्यापासून सगळ्यांना कंपाउंड पाहिजे, आणि जे रिकर्व्हवाले आहेत त्यांना 70 मीटर. एक जण म्हणाला काका, 15 मीटरला काय मजा. मी म्हटलं रविवारी चल मळ्यात. आला. नाल्यात उतरून, वाळक्या पानांवर आवाज न करता, घाणेरीच्या झुडपातून बो न अडकवता, गुडघ्यावर बसून तिरका बो धरून त्याने जे बाण सोडले त्यातले काही अजून सापडायचेत.

खरं शिक्षण पेठकडच्या एका मामांकडून झालं, मळ्यात कामाला येतात. त्यांच्या घरी तीर-कामठा होता, अख्खा बांबूचा, दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची. माझं 25 मीटरचं बघून म्हणाले, "नाना, एवढ्या लांबून कशाला मारता? चालायचा कंटाळा आलाय का?" मग दाखवलं. डुकराची नजर अधू पण नाक आणि कान भयंकर, तेव्हा आधी चिमूटभर माती सोडून वारा बघायचा आणि वारा तोंडावर घेऊनच जायचं, टाच आधी टेकवायची नाही, पावलाची बाहेरची कड टेकवून खाली काही मोडतंय का ते समजलं की मगच वजन टाकायचं. फोमला नाक नाही हे मलाही माहितीये, पण वारा सोडून सरळ गेलो की मामा लांबूनच ओरडतात, "पळालं!" आणि ती फेरी बाद. आता तोच नियम केलाय. पानांचा आवाज मामांना ऐकू आला तरी बाद.

या वाकून चालण्यात एक अडचण अस्सल नाशिकची. बिबट्या. ऊस आणि नाले असले की तो असतोच, आणि बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, बेताचं जनावर वाटतं. त्यामुळे पहाटेचं आणि संध्याकाळचं सगळं रोमॅंटिक बंद, ऊन चांगलं वर आल्यावर जायचं, एकट्याने नाही, आणि एक जण सतत उभा. उभं राहायचं काम मेहुण्यांचं, ते फोनवर मोठ्याने द्राक्षाचे भाव बोलत राहतात, स्टॉकिंगची, म्हणजे दबकत जाण्याची, वाट लागते पण बिबट्याचाही प्रश्न मिटतो.

ऑक्टोबरची गोडी छाटणी सुरू झाल्यावर मळ्यात मजूर, ट्रॅक्टर, औषधाची फवारणी, त्यामुळे तिकडे पूर्ण बंद ठेवलं. तेवढे दिवस गच्ची आणि ग्राउंड. आता डुकराची छाती बाणांनी पार भुसभुशीत झालीये, बाण आरपार जायला लागलेत, तर मधला तुकडा चौकोनी कापून नवीन ठोकळा बसवायचा आहे. अंबड किंवा सातपूरकडे कोणाच्या कंपनीत जाड, घट्ट पॅकिंग फोम भंगारात निघत असेल तर कळवा, गाडी घेऊन येतो. आणि 600 च्या शाफ्टवर 145 ग्रेनचं टोक कोणी वापरलंय का, 20 मीटरला किती खाली बसतो ते सांगा.