छावणीतली रास

दिवाळीच्या सुमारास इंदूरच्या छावणी मंडीत सोयाबीनच्या राशी लागतात. लिलाव पुकारणाऱ्याचे लक्ष भावाकडे आणि हमालाचे पोत्याकडे असते. माझ्यासारखा रिकामटेकडा तेवढा राशीच्या उतारावर नजर लावून उभा राहतो. पोते रिते होत जाते तशी रास चढते, पण एका उतारापलीकडे ती चढत नाही. मग कधी चार दाणे घरंगळतात, तर कधी सबंध बाजू खाली येते, आणि पुढच्या दाण्याने यांतले काय घडेल हे नुसती रास पाहून सांगता येत नाही.

पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट वीझेनफेल्ड यांनी १९८७ मध्ये यासाठी एक साधे प्रारूप मांडले. चौकोनी घरांच्या पटावर एकेक कण टाकत राहायचे. एखाद्या घरात चार कण जमले की चारही शेजाऱ्यांना एकेक द्यायचा, आणि काठावरून सुटलेला कण कायमचा गेला असे समजायचे. नियम एवढाच असूनही काही काळाने पट अशा अवस्थेत येऊन स्थिरावतो की लहान घसरणी पुष्कळ, मोठ्या विरळ, पण 'सर्वसाधारण' म्हणावी अशा मापाची एकही नाही. पाण्याला अशा क्रांतिक अवस्थेत, म्हणजे द्रव आणि वाफ यांतला भेद मिटण्याच्या उंबरठ्यावर, न्यायचे तर ३७४ अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या सुमारे २१८ पट दाब असे दोन्ही काटेकोर जुळवावे लागतात. ही रास मात्र, कण सावकाश टाकले की, आपण होऊन तेथे पोहोचते. कोसळण्याचा क्रम कोणताही घेतला तरी अखेरची रास तीच उरते, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी १९९० मध्ये सिद्ध केले, आणि त्यामुळे जिथे नुसती आकडेमोड चालली होती तिथे नेमके गणित करता येऊ लागले.

क्रांतिक अवस्थेत पदार्थाचे बारीक तपशील गळून पडतात, असा अनुभव आहे. पाण्याची वाफ आणि काही विशिष्ट चुंबके यांचे घातांक, म्हणजे मोजमापे कोणत्या दराने वाढतात-घटतात हे सांगणारे आकडे, एकच येतात. याला सार्वत्रिकता म्हणतात. मग दाण्याचा आकारही गौण ठरायला हवा. पण ऑस्लोतील संशोधकांनी १९९६ मध्ये दोन उभ्या पाट्यांमध्ये खऱ्या तांदळाचे ढीग रचले, तेव्हा लांब दाण्याच्या तांदळातच अशा, ठरावीक माप नसलेल्या, घसरणी मिळाल्या. आखूड, गोलसर दाण्यात त्या मिळाल्या नाहीत. लांब दाणा घर्षणामुळे चटकन थांबतो, गोल दाणा वेगाच्या भरात पुढे जातो. या हिशेबाने आमच्या माळव्याच्या सोयाबीनकडून फारशी आशा नाही, हे थोडे लागतेच.

तरीही सार्वत्रिकता मोडीत निघाली असे मला वाटत नाही. शुभ्रांशु शेखर मन्ना यांच्या १९९१ च्या प्रारूपात कोसळणारे कण कोणत्या शेजाऱ्याकडे जातील हे दैवावर सोडलेले असते, आणि तेवढ्या फरकाने घातांक बदलतात. म्हणून १९८७ चे मूळ प्रारूप आणि हे, दोघांचे सार्वत्रिकतेचे वर्ग, म्हणजे समान घातांकांची कुळे, सामान्यतः वेगळे मानले जातात. तांदळाच्या ढिगावरून बेतलेल्या ऑस्लो प्रारूपात तर दैव दुसऱ्याच जागी बसते: प्रत्येक घसरणीनंतर त्या जागेची उताराची मर्यादा नव्याने, यदृच्छेने ठरते. नियम इतके निराळे असूनही हे प्रारूप आणि मन्नांचे प्रारूप घातांकांवरून सगोत्र निघतात.